रात्री घरात घुमणारा ‘घूंऽऽ’ आवाज : उगम कसा शोधायचा

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. रात्री अकरानंतर रहदारी ओसरली की एक खोल ‘घूंऽऽ’ जाणवायला लागतो. दूर कुठेतरी कुणी ट्रकचं इंजिन चालू ठेवून उभं आहे असं वाटत राहतं. खिडकी लावली तर तो कमी होण्याऐवजी वाढतो. उशीवर डोकं टेकलं की जास्त येतो, उठून फिरायला लागलं की विरतो. घरातल्या एकाच माणसाला तो छळतो आणि बाकीचे म्हणतात, “आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही.” मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं तर त्यातही शांतता. उन्हाळ्यात पंख्याच्या आवाजाखाली तो झाकला जातो, थंडीत पंखे बंद झाले की पुन्हा हजर.

ज्याला तो ऐकू येतो त्याच्यावर आधी विश्वास ठेवा. कमी कंपनसंख्येचे आवाज ऐकण्याची क्षमता माणसागणिक बरीच वेगळी असते, त्यामुळे एकाला येतो आणि दुसऱ्याला येत नाही यात नवल काही नाही. “तुझ्या मनाचे खेळ आहेत” हे वाक्य ऐकत वर्षानुवर्षं झोप गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या इमारतीत आवाजाचं कारण शेवटी अगदी साधं निघालं.

कारण साधं असूनही ते सापडत नाही, कारण आपण भिंतीभिंतीला कान लावत ‘आवाज कुठून येतोय’ हे शोधत बसतो. या आवाजाच्या बाबतीत ‘कुठे’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. आधी ‘केव्हा’, मग ‘किती हर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. या दोन उत्तरांवरून ‘कुठे’ बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

कान इथे का फसतो

५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. आपल्या दोन कानांतलं अंतर वीतभरही नाही. दोन्ही कानांना जवळपास तेच ऐकू येतं, त्यात भिंतींवरून परतलेल्या लाटा मिसळतात, आणि मेंदूला दिशा ठरवायला काही उरत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोली स्वतः आवाज वाढवते. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम पुष्कळदा १० बाय १२ फुटांची असते. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर ४७ हर्ट्झच्या आवाजाची अर्धी लाट या लांबीत अचूक बसते आणि तो आवाज त्या खोलीत घुमतो. आता पाण्याच्या पंपाची दोन पोलची मोटर घ्या. तिच्या प्लेटवर २८८० च्या आसपास आरपीएम लिहिलेला असतो, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. पंप तळमजल्यावर, खोली पाचव्या मजल्यावर, मधे पाइप आणि काँक्रीट. मधल्या मजल्यांवर कुणाला काही जाणवत नाही, आणि नेमकी १२ फुटांची ती एक खोली गुणगुणायला लागते.

अशा खोलीत १२ फुटांच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आवाजाचा दाब सर्वांत जास्त असतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. पलंगाचं डोकं भिंतीला लागलेलं असतं. झोपलेल्या माणसाला आवाज येतो, ‘कुठंय आवाज?’ म्हणत जो खोलीच्या मध्ये येऊन उभा राहतो त्याला येत नाही. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून घरात वाद घालण्याआधी शंका घेणाऱ्याला त्याच उशीवर दोन मिनिटं आडवं व्हायला सांगा. पलंगाचं डोकं भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आणून पाहा. मूळ शोधेपर्यंत एवढ्यानेही झोप लागू शकते.

याचाच अर्थ असा, की ज्या भिंतीपाशी आवाज मोठा येतो त्या भिंतीपलीकडचा शेजारी दोषी आहे असं मुळीच सिद्ध होत नाही. सोसायट्यांमधली कितीतरी भांडणं या एका गैरसमजावर उभी आहेत.

घरातला, बाहेरचा की कानातला

आवाज चालू असताना घराचा मेन स्विच बंद करा. नुसते दिवे आणि पंखे नाही, मेन. इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा, कारण मेन गेल्यावर तो जागा होतो आणि त्याचा स्वतःचा आवाज सुरू होतो. मग पाच-सात मिनिटं शांत बसा. आवाज थांबला तर एकेक एमसीबी चढवत जा. बहुधा फ्रिज, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायरचा पंप किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांपैकी काहीतरी निघेल. फ्रिज आणि प्युरिफायर आपापल्या वेळेनेच चालू-बंद होतात, त्यामुळे इथे घाई करू नका. फ्रिज भिंतीला टेकलेला असेल तर दोन इंच पुढे ओढा. प्युरिफायर भिंतीला घट्ट ठोकलेला असतो आणि सगळी भिंतच त्याच्यासोबत थरथरते.

मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर उगम तुमच्या घरात नाही. वरच्या किंवा बाजूच्या घरातलं यंत्र असू शकतं. माशांच्या टाकीचा हवेचा छोटा पंपही इथे विसरू नका. तो चोवीस तास चालतो, त्यातलं चुंबक विजेच्या तालावर सेकंदाला ५० वेळा हलतं, आणि टाकी लाकडी कपाटावर असेल तर तो खालच्या घरात पोचतो.

पूर्ण भागाची वीज गेली की सगळ्यात चांगली परीक्षा होते, आणि ती फुकट असते. लोडशेडिंगमध्ये लोक मेणबत्ती शोधतात. तुम्ही आधी कान द्या. वीज जाताच आवाज गेला आणि सोसायटीचा जनरेटर सुरू होताच परत आला, तर उगम सोसायटीच्या जनरेटरवर चालणाऱ्या यंत्रांत आहे: पंप, लिफ्ट, तळघरातले पंखे, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा). जनरेटर चालू असूनही आवाज परतला नाही आणि रस्त्यावरची वीज आल्यावर परतला, तर डीपी (रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर) किंवा बाहेरच्या कुणाच्या यंत्राकडे पाहा. वीज गेली तरी आवाज अखंड चालू, तर तो दुसऱ्या फीडरवरचा, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवरचा, किंवा दूरचा आहे. किंवा कानातला.

कानातल्या आवाजाचं नाव काढायला माणसं घाबरतात. घाबरू नका, तपासून घ्या. खऱ्या आवाजाजवळचा दुसरा सूर वाजवला की दोघांच्या मिश्रणातून ‘वाँव वाँव’ अशी चढउतार ऐकू येते. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घेऊन, मोठ्या स्पीकरला जोडून, घुमणाऱ्या आवाजाच्या अगदी जवळचा सूर हळू आवाजात लावा आणि एकेका हर्ट्झने पुढेमागे सरका. चढउतार ऐकू आली तर हवेत खरंच आवाज आहे. कानात निर्माण होणारा नाद बाहेरच्या सुराशी असा झुलत नाही. गावाला गेल्यावर, शेतातल्या घरी झोपल्यावरही तोच आवाज सोबत येत असेल तरी संशय कानाचाच. आणि तो आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर बाकी शोध बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

किती हर्ट्झ?

फोनमध्ये काहीच रेकॉर्ड झालं नाही असं वाटतं, कारण फोनचा स्पीकर इतका खालचा सूर वाजवूच शकत नाही. रेकॉर्डिंग कान झाकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर ऐका. त्याहून बरं म्हणजे आवाज पाहा: फायफॉक्स हे आखेनच्या तंत्र विद्यापीठाचं मोफत ॲप किंवा अँड्रॉइडवरचं स्पेक्ट्रॉइड. दोन्हींत आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती जोर आहे याचा आलेख, दिसतो. सेटिंगमध्ये नमुन्यांची संख्या वाढवायला विसरू नका. ४०९६ नमुने ठेवले तर १२ हर्ट्झच्या पायऱ्या पडतात आणि ४८ कुठलं, ५० कुठलं हे कळतच नाही. ३२,७६८ ठेवले तर पायरी दीड हर्ट्झची होते. फोन खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, तिथे दाब सर्वांत जास्त असतो. एकदा आवाज चालू असताना आणि एकदा नसताना, असे दोन आलेख घ्या. दुसऱ्यात नाहीशी होणारी रेघ तुमची.

आता त्या आकड्याचं वाचन. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, त्यामुळे डीपी, इन्व्हर्टर आणि चोक यांचा सूर १०० हर्ट्झचा असतो आणि त्यासोबत २०० आणि ३०० च्याही रेघा दिसतात. फिरणारी मोटर मात्र विजेच्या किंचित मागे पडते. ३००० च्या जागी २८८०, १५०० च्या जागी १४४०. म्हणून रेघ नेमकी ५० किंवा १०० वर असेल तर विजेच्या चुंबकत्वाकडे बघायचं, आणि ५० किंवा २५ च्या जरा खाली, ४८ किंवा २४ अशी असेल तर फिरणाऱ्या वस्तूकडे. निम्मा शोध या दोन-चार हर्ट्झच्या फरकात संपतो, आणि पायरीचा मुद्दा एवढ्यासाठीच आहे.

एसटीपीच्या ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या यंत्राचं, गणित वेगळं. दोन पाकळ्यांचा रोटर असेल तर प्रत्येक फेऱ्यात हवेचे चार धक्के बसतात, तीन पाकळ्यांचा असेल तर सहा. मिनिटाला १२०० फेरे घेणारा दोन पाकळ्यांचा ब्लोअर ८० हर्ट्झवर घुमतो. पंख्याचा सूर म्हणजे पाती गुणिले सेकंदाचे फेरे. आवाज एका जागी न राहता वर-खाली सरकत असेल तर मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालते, म्हणजे मागणीप्रमाणे वेग बदलणारा बूस्टर पंप किंवा इन्व्हर्टर एसी. आणि दर चार-पाच सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो असं होत असेल तर जवळजवळ सारख्या वेगाच्या दोन मोटरी एकत्र चालू आहेत. एक बंद करून घ्या, झुलणं थांबेल.

केव्हा?

उशाशी वही ठेवा. आवाज सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, बाकी काही नाही. ‘खूप त्रास झाला’ असं लिहून उपयोग नसतो, ‘२.१० ला सुरू, २.१४ ला बंद’ याचा असतो. मग वॉचमनकडून पंपाच्या वेळा घ्या, एसटीपी चालवणाऱ्याकडून ब्लोअरचा टायमर विचारा, आणि दोन्ही यादी शेजारी ठेवा. वार लिहायला विसरू नका. पुण्यात देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, कधी वीज बंद, कधी पाणी. गुरुवारी आवाज वेगळा वागत असेल तर त्यातून पुष्कळ काही कळतं. कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगाम सुरू होतो तेव्हाच थंडीही पडते, आणि थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्यामुळे दूरचा आवाज खाली वळून लांबवर पोचतो. तिथे हंगाम संपल्याची तारीख वहीत हवी.

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हा आवाज रात्रभर दर दहा-बारा मिनिटांनी यायचा, थोडा वेळ टिकायचा आणि जायचा. मुलगा आणि सून समोरच्या इमारतीच्या एसीवर संशय घेऊन बसले होते. आलेखात ४८ ची रेघ होती, म्हणजे मोटर. पण पहाटे तीन वाजता दर दहा मिनिटांनी पाणी कोण वापरतंय? कुणीच नाही. गच्चीवरच्या प्रेशर पंपाच्या लाइनवर एका बंद फ्लॅटमधला फ्लशचा व्हॉल्व्ह गळत होता. दाब हळूहळू उतरायचा, पंप चालू व्हायचा, दाब भरून बंद व्हायचा. फ्लशची टाकी दुरुस्त केली आणि रात्रीचा आवाज गेला. पंप जागच्या जागी होता, पण तो रात्री चालण्याचं कारण नाहीसं झालं. हे यंत्राकडे कितीही पाहून कळलं नसतं, वेळांच्या यादीवरून कळलं.

मोठ्या शोधांतही हेच दिसतं. कॅलिफोर्नियात सॉसालिटोच्या हाउसबोटींवर राहणाऱ्या लोकांना १९८० च्या दशकात उन्हाळ्यातल्या रात्री घुमणारा आवाज छळायचा. ऋतू आणि रात्र या दोन खुणांनी माग मिडशिपमन नावाच्या माशाच्या विणीच्या हंगामापर्यंत नेला, नर मासे मादीला बोलावत होते. कॅनडातल्या विंडसर शहरात २०११ पासून तक्रारी होत्या आणि संशय नदीपलीकडच्या झग आयलंडवरच्या पोलाद कारखान्यावर होता. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या झोतभट्ट्या थंड झाल्या आणि आवाज थांबला. इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात २००३ च्या पाहणीत आकड्यांनी काम केलं: ३६ हर्ट्झ एका कारखान्याच्या कूलिंग टॉवरच्या पंख्यांचे, १० हर्ट्झ दुसऱ्या कारखान्याच्या कॉम्प्रेसरचे. न्यू मेक्सिकोतल्या ताओसमध्ये मात्र १९९३ च्या तपासात सुमारे दोन टक्के लोकांना आवाज ऐकू येत असूनही उपकरणांना एकच एक उगम मिळाला नाही. तेव्हा सगळंच सापडतं असं मी म्हणणार नाही. पण ताओसचं नाव घेण्याआधी गच्चीवरचा पंप पाहून या.

सापडल्यावर

संशयित यंत्र दहा मिनिटं बंद, दहा मिनिटं चालू, असं तीन-चार वेळा करून घ्या. खोलीत बसलेल्याला वेळ सांगू नका. त्याने नुसतं ‘आला’, ‘गेला’ लिहावं. दोन्ही कागद जुळले की सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर वाद उरत नाही.

खोलीत उपाय करण्यात पैसे घालवू नका. भिंतीला फोम, जाड पडदे, अंड्यांच्या ट्रेसारखी पॅनेलं यांनी ४८ हर्ट्झला काहीही होत नाही. त्यासाठी फोमची जाडी मीटरमध्ये मोजावी लागेल. कानातले बोळेही या आवाजाला फारसे अडवत नाहीत, उलट बाकीचे आवाज कमी झाल्याने हा जास्त उठून दिसतो. उपाय यंत्रापाशीच करायचा.

तिथे सगळीकडे एकच चित्र दिसतं: पंपाखाली काळ्या रबराचा पातळ तुकडा, आणि त्यातून आरपार आवळलेले बोल्ट. बोल्टमधून हादरा सरळ स्लॅबमध्ये उतरतो, रबर असून नसल्यासारखं. शिवाय टेकू किती दबतो त्यावर तो किती अडवणार हे ठरतं. २४ हर्ट्झचा हादरा नीट अडवायचा तर टेकूची स्वतःची कंपनसंख्या ८ च्या आसपास हवी, आणि त्यासाठी तो यंत्राच्या वजनाखाली जवळजवळ ४ मिलिमीटर दबला पाहिजे. ४८ हर्ट्झला १ मिलिमीटर पुरतं. पाच मिलिमीटर जाडीची कडक पट्टी एवढी दबतच नाही. २४ हर्ट्झच्या यंत्राला स्प्रिंगचे टेकू बरे. ४८ ला योग्य वजनाचे रबरी माउंटही चालतात.

पंपाला माउंट बसवले आणि पाइप तसाच ठेवला तर अर्धंच काम झालं. पंपाच्या दोन्ही तोंडांना रबरी बेलो (पाइपाचे लवचीक जोड) हवेत, पाइपाच्या क्लॅम्पमध्ये रबराचं अस्तर हवं, आणि पाइप जिथे स्लॅब किंवा भिंत ओलांडतो तिथे सिमेंट त्याला चिकटलेलं नको, भोवती फट ठेवून ती मऊ वस्तूने भरलेली हवी. डीपीचा आवाज असेल तर हात लावू नका. लेखी तक्रार महावितरणकडे द्या, आलेख जोडा.

मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो तेव्हा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापनातली, म्हणजे कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणाऱ्या मापनातली. ‘ए’ मापन ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करून दाखवतं. खोलीत ६५ डेसिबल घुमत असले तरी मीटर ३५ दाखवेल, अधिकारी नियमात आहे म्हणतील, आणि ऐकणाऱ्याला वाटेल आपणच वेडे. त्यांना तोच मीटर ‘सी’ मापनावर लावायला सांगा, ते खालचे सूर जवळपास तसेच मोजतं. ‘सी’ आणि ‘ए’ यांत १५-२० डेसिबलहून जास्त फरक आला तर खालच्या सुरांचा जोर आहे हे कागदावर येतं. ब्रिटनमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठाने २००५ साली घरातल्या अशा आवाजासाठी वेगळे निकष सुचवले आहेत: ५० हर्ट्झच्या पट्ट्यात ४३ डेसिबल, १०० च्या पट्ट्यात ३८. आपल्याकडे ते बंधनकारक नाहीत, पण एखाद्या ध्वनितज्ज्ञाकडून मोजणी करून घेताना तुलनेला उपयोगी पडतात. कारखान्याबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाताना वही, आलेख आणि चालू-बंदचे कागद सोबत असू द्या.

वर्ष-दोन वर्षांनी परत आला तर

परत येतो, याची तयारी ठेवा. रबर उन्हाने आणि तेलाने कडक होतं. प्लंबर गळती काढताना बेलो काढून सरळ पाइप जोडून जातो. वॉटरप्रूफिंगवाला पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवतो. मोटर रिवाइंड होऊन आली की बेअरिंग आणि तोल बदललेले असतात. नवीन शोध सुरू करण्याआधी जुना आलेख काढा: रेघ त्याच आकड्यावर असेल तर यंत्र तेच आहे, माउंट आणि बेलो तपासा, आकडा बदलला असेल तर नवीन यंत्र शोधा, सोसायटीत गेल्या काही महिन्यांत काय नवीन बसलं ते विचारा. म्हणून दुरुस्तीनंतरचा शांत खोलीचा आलेख तारीख घालून सोसायटीच्या फाइलमध्ये लावा, आणि पंपाच्या देखभालीच्या करारात माउंट, बेलो आणि क्लॅम्प हे तीन शब्द लिहून घ्या.